गाजलेली चित्रं : पुन्हा पाहिल्यावर काय उरतं?

चित्रकलेविषयी गप्पा निघाल्या की गाडी मोनालिसावर येतेच, आणि ती आली की कोणीतरी विचारतंच, 'यात एवढं काय आहे?' प्रश्न प्रामाणिक असतो. विचारणाऱ्याला अडाणी ठरवून गप्प बसवणं ही जाणकारांची जुनी खोड आहे. पण 'काहीच नाही, सगळी जाहिरातबाजी' असं म्हणून हात झटकणंही घाईचंच. एखादं चित्र का गाजलं आणि ते चित्र म्हणून कसं आहे, हे दोन प्रश्न मुळात वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर चोऱ्या, वारसदार, छापखाने आणि लिलाव यांच्या इतिहासात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर चित्रापुढे उभं राहूनच शोधावं लागतं, आणि एका भेटीत ते हाती लागत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत न करता काही नावाजलेल्या चित्रांकडे पाहिलं, तर काहींचं नाव रास्त वाटतं, काहींचं फुगवलेलं, आणि काहींवर तर त्यांच्या कीर्तीनेच अन्याय केलेला दिसतो.

मोनालिसा या तिसऱ्या गटातली. लिओनार्दो दा विंचीने १५०३ च्या सुमारास हाती घेतलेलं हे चित्र पॉप्लरच्या फळीवर रंगवलेलं आहे. उंची ७७ सेंटिमीटर, रुंदी ५३. एकोणिसाव्या शतकातल्या रसिकांना ते चांगलं ठाऊक होतं, समीक्षक वॉल्टर पेटरने १८६९ मध्ये त्यावर लिहिलेला उतारा इंग्रजी वाचकांमध्ये गाजला होता. तरी लूव्रच्या भिंतींवर त्याहून मोलाची समजली जाणारी चित्रं होती, विशेषतः राफाएलची. मग २१ ऑगस्ट १९११ रोजी व्हिन्चेन्झो पेरुज्जा नावाच्या इटालियन कारागिराने ते भिंतीवरून उतरवलं आणि पळवलं. त्याने आधी लूव्रमध्येच चित्रांना काचा बसवण्याचं काम केलं होतं, त्यामुळे जागा आणि खिळे दोन्ही त्याच्या ओळखीचे. पोलिसांनी कवी अपोलिनेरला तुरुंगात टाकलं, पिकासोची चौकशी केली, वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं भरली. लोक भिंतीवरची मोकळी जागा बघायला रांगा लावू लागले. डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्समधल्या एका व्यापाऱ्याला चित्र विकायला गेलेला पेरुज्जा पकडला गेला. एव्हाना ज्यांनी आयुष्यात संग्रहालयाची पायरी चढली नव्हती, त्यांनाही या बाईचा चेहरा पाठ झाला होता. १९१९ मध्ये चित्रकार मार्सेल द्युशाँने तिच्या छापील कार्डावर मिशा काढल्या. त्यातला खोडकरपणा लोकांच्या लक्षात आला, कारण चेहरा सर्वांच्या ओळखीचा होता. १९६३ मध्ये ती अमेरिकेला गेली, १९७४ मध्ये तोक्योला आणि मॉस्कोला. चोरीने सुरू झालेलं काम या दौऱ्यांनी पुरं केलं.

एवढा इतिहास सांगून झाला की 'म्हणजे चोरीमुळेच गाजलं ना!' असं म्हणणारे बरेच भेटतात. चोरी झालेली चित्रं शेकडो आहेत, ती सगळी कुठे गाजली? मोनालिसाच्या ओठांच्या कोपऱ्यांकडे पाहा. तिथे रेषच नाही. ओठ कुठे संपले आणि गाल कुठून सुरू झाला हे सांगता येत नाही, कारण लिओनार्दोने तिथे अत्यंत पातळ, अर्धपारदर्शक रंगाचे थर एकावर एक दिले आहेत. फ्रेंच संशोधकांनी क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा या थरांची एकूण जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही कमी भरली. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांनी २००० साली एक गोष्ट दाखवून दिली. डोळ्यांच्या कडेने पाहताना आपल्याला बारकावे दिसत नाहीत, मोठ्या छाया दिसतात, आणि मोनालिसाचं हसू नेमकं या मोठ्या छायांमध्ये दडलेलं आहे. म्हणून तिच्या डोळ्यांकडे पाहावं तर ती हसते, आणि ओठांवर नजर रोखावी तर हसू निसटतं. गूढ हास्य वगैरे शब्द वापरून गुळगुळीत झाले आहेत, पण त्यांच्यामागे अशी खरी कारागिरी आहे. माझ्या मते हे चित्र त्याच्या कीर्तीला पुरून उरतं.

अन्याय होतो तो पाहण्याच्या पद्धतीत. लूव्रला वर्षाला ९० लाखांच्या आसपास लोक येतात, आणि त्यातले बहुतेक या एका खोलीत येऊन जातात. जाड काच, कठडा, उंचावलेले फोन आणि पुढे सरका म्हणणारे रखवालदार. रंगाचा इतका सूक्ष्म थर बघायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. शिवाय चित्रावरचं वार्निश कित्येक पिढ्यांपासून पिवळं पडलं आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात लिओनार्दोच्या शिष्याने त्याच काळात केलेली एक प्रत आहे. २०१२ मध्ये ती साफ करून पुढे आणली, तेव्हा निळसर डोंगर आणि लालभडक बाह्या पाहून लोक थक्क झाले. मूळ चित्र साफ करायचं धाडस लूव्रने आजवर केलेलं नाही. आणि समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसेचं 'काना गावचं लग्न' आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, माणसांनी, वाद्यांनी, ताटांनी आणि कुत्र्यांनी गजबजलेलं. लोक त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. मोनालिसाला स्वतंत्र खोली देण्याची घोषणा २०२५ च्या जानेवारीत झाली. ती प्रत्यक्षात आली तर दोन्ही चित्रांची सुटका होईल.

इथे एका मुद्द्यावर थांबायला हवं, कारण या सगळ्या वादाचं मूळ त्यात आहे. आपल्याला जे आवडतं ते चांगलं असतं म्हणून आवडतं, की वारंवार डोळ्यांसमोर येतं म्हणून? कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स कटिंग यांनी हा प्रश्न फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रांना लावला. गुस्ताव्ह कायबॉत हा श्रीमंत चित्रकार मोने, रेन्वा, देगा या मित्रांची चित्रं विकत घेत असे. १८९४ मध्ये तो वारला तेव्हा त्याने आपला संग्रह फ्रेंच सरकारला देऊन टाकला. बरीच ओढाताण होऊन त्यातली चाळीसेक चित्रं सरकारने स्वीकारली आणि ती पॅरिसच्या सार्वजनिक संग्रहालयात लागली. पुढे पुस्तकांतून, वर्गांतून, छापील प्रतींतून हीच चित्रं फिरत राहिली. कटिंग यांना दिसलं की लोकांची आवड आणि पुस्तकांत चित्र छापून येण्याचं प्रमाण यांचा जवळचा संबंध आहे. मग त्यांनी आपल्या वर्गात कमी प्रसिद्ध चित्रं सत्रभर पुन्हा पुन्हा, काही न बोलता दाखवली. सत्र संपताना विद्यार्थ्यांचा ओढा त्या अप्रसिद्ध चित्रांकडे झुकलेला होता. २००३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि 'थोर चित्रं' ही कल्पनाच मोडीत निघाली असं काहींना वाटलं.

पण कटिंग यांच्या प्रयोगातली दोन्ही बाजूंची चित्रं चांगलीच होती. अप्रसिद्ध असली तरी ती मोने-पिसारोंच्याच पंक्तीतली. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हाच प्रयोग वेगळ्या चित्रांवर केला. त्यांनी घेतला थॉमस किंकेड, अमेरिकेत प्रचंड खपणारा चित्रकार. संध्याकाळच्या उजेडात चमकणाऱ्या कौलारू बंगल्या, खिडक्यांतून सांडणारा मधाळ पिवळा प्रकाश, फुलांचे ताटवे. त्याच्या जोडीला एकोणिसाव्या शतकातल्या जॉन एव्हरेट मिलेची चित्रं ठेवली. या वेळी निकाल उलटा लागला. किंकेडची चित्रं जितक्या जास्त वेळा दाखवली तितकी ती विद्यार्थ्यांना कमी आवडू लागली. मिलेच्या बाबतीत तसं घडलं नाही.

एवढ्याशा प्रयोगाने सौंदर्यशास्त्राचा निकाल लागत नाही, हे मला कळतं. तरी नावाजलेल्या चित्रांना लावायची एक कसोटी त्यातून हाती येते, आणि ती मला इतर सर्व कसोट्यांपेक्षा विश्वासाची वाटते. चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं तर वाढतं की विरतं? पहिल्या भेटीत भारून टाकणारी चित्रं पुष्कळ असतात. दहाव्या भेटीतही काही नवं देणारी फार थोडी.

व्हॅन गॉगच्या बाबतीत ही पुन्हा पाहण्याची सोय एका बाईने केली. व्हिन्सेंट जुलै १८९० मध्ये गेला, भाऊ थिओ पुढच्या जानेवारीत. थिओची बायको योहाना तेव्हा २८ वर्षांची होती, कडेवर वर्षाचंही न झालेलं मूल, आणि घरात शेकडो न विकलेली चित्रं. ती फुकट देऊन टाक असं सुचवणारेही होते. ती हॉलंडला परतली, बुसुम गावात खानावळवजा वसतिगृह चालवून तिने घर भागवलं, आणि चित्रं एकेक करून, विचारपूर्वक प्रदर्शनांना दिली. १९०५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला तिने मोठं प्रदर्शन भरवलं, १९१४ मध्ये दोघा भावांची पत्रं संपादित करून छापली. 'कान कापून घेणारा वेडा' एवढ्यावर जी गोष्ट संपली असती, तिला पत्रांमुळे विचार करणारा, वाचणारा, कष्टाळू माणूस मिळाला. १९२४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीला 'सूर्यफुलं' द्यायला ती मोठ्या कष्टाने तयार झाली.

आज जगात सर्वाधिक छापलं जाणारं त्याचं चित्र म्हणजे १८८९ चं 'तारांकित रात्र'. उश्यांचे अभ्रे, मोबाइलची कव्हरं, कप, छत्र्या, कशावर नाही ते विचारा. खुद्द व्हिन्सेंटला ते फसलेलं वाटत होतं. तारे नको तितके मोठे झाले अशी खंत त्याने पत्रातून मित्राला कळवली होती. मला त्याचं म्हणणं पुष्कळसं पटतं. आकाशातले भोवरे पहिल्या नजरेतच सगळं सांगून टाकतात, नंतर डोळ्यांना तिथे फारसं काम उरत नाही. त्याच्याच पुढच्या फेब्रुवारीतलं 'बदामाचा मोहर' कितीतरी खोल आहे. योहानाच्या नवजात मुलासाठी काढलेलं हे चित्र म्हणजे निळ्या आकाशावर फांद्या, बस्स. एक फांदी जाड, गाठाळ, तिच्यावर फुटलेलं फूल मात्र बोट लावलं तर गळेल असं. व्हॅन गॉगची थोरवी खरी आहे, पण तिचा सगळा भार एका चित्रावर टाकण्याची गरज नव्हती.

छापील प्रतीने ज्याचा सर्वांत जास्त घात होतो असं चित्र सांगायचं तर मी 'गेर्निका'चं नाव घेईन. २६ एप्रिल १९३७ रोजी बास्क प्रांतातल्या गेर्निका गावावर बाँबवर्षाव झाला, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या स्पॅनिश दालनासाठी पिकासोने हे चित्र केलं. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब. पुस्तकाच्या पानावर ते कोड्यासारखं दिसतं. खरं चित्र मात्र डोक्यावरून वर जातं, बाईची आणि मेलेल्या मुलाची आकृती बघणाऱ्याच्या अंगावर येते, आणि राखाडी-काळ्या रंगांतून वर्तमानपत्राचा भास होतो. ज्यांना ते आवडत नाही त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते तळहाताएवढं पाहिलेलं असतं.

आता सतराव्या शतकातला डच चित्रकार फेर्मीर. हेगच्या माउरित्शाउस संग्रहालयातलं 'मोत्याचं कर्णभूषण ल्यालेली मुलगी' हे चित्र १८८१ मध्ये लिलावात दोन गिल्डर आणि तीस सेंटला गेलं, म्हणजे जवळजवळ फुकट. फेर्मीर मेल्यावर दोनशे वर्षं त्याचं नाव मागे पडलं होतं. थोरे-ब्युर्गर या फ्रेंच समीक्षकाने १८६६ मध्ये त्याच्यावर लेखमाला लिहिली आणि त्याची चित्रं शोधून काढली, तेव्हा कुठे युरोपला त्याची आठवण झाली. या मुलीला घराघरात नेलं ते ट्रेसी शेव्हॅलियरच्या १९९९ च्या कादंबरीने आणि २००३ च्या सिनेमाने. मुलगी कोण होती कोणालाच माहीत नाही. ती बहुधा कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हेच, त्या काळात डच चित्रकार अशी कल्पित मुखचित्रं काढत.

चित्र अगदी लहान, जेमतेम हातभर. त्यातला तो मोती जवळून पाहा. त्याला बाह्यरेषा नाही. कानाला अडकवायची कडी नाही. डावीकडे वर पांढऱ्या रंगाचा एक जाड ठिपका, आणि खाली कॉलरच्या पांढऱ्याचं मंद प्रतिबिंब. एवढे दोन हात मारले आहेत, बाकी मोती आपण आपल्या डोळ्यांनी पुरा करतो. तसंच नाक. नाकाची पलीकडची कड आणि गाल यांच्यामध्ये काहीच सीमा नाही, दोन्हीकडे एकच रंग आहे, तरी आपल्याला नाक दिसतं. ओठांच्या कोपऱ्यावर ओलसर चमकेचा कणभर ठिपका आहे, तो नसता तर हे तोंड आत्ता उघडलं आहे असं वाटलंच नसतं. फेट्याच्या निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा महागडा रंग वापरला आहे. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी चित्राची यंत्रांनी तपासणी केली तेव्हा आज काळी दिसणारी पार्श्वभूमी मुळात हिरव्या पडद्याची होती हे कळलं, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पापण्यांचे केसही सापडले. कादंबरी, सिनेमा, पोस्टर हे सगळं बाजूला सारा, हे चित्र तरीही पहिल्या रांगेत बसतं. याच्या कीर्तीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

शंका आहे ती आपल्या नजरेबद्दल, आणि ती फेर्मीरच्याच नावाने उभी राहते. १९३७ मध्ये 'एम्माउसचं जेवण' हे फेर्मीरचं अज्ञात चित्र सापडल्याची बातमी आली. फेर्मीरवरचे सर्वांत मान्यवर तज्ज्ञ अब्राहम ब्रेडियस यांनी ते त्याचं सर्वोत्तम काम असल्याचा निर्वाळा दिला. रॉटरडॅमच्या संग्रहालयासाठी पाच लाख गिल्डरांहून जास्त मोजून ते घेतलं, आणि लोक त्यापुढे नतमस्तक झाले. १९४५ मध्ये हान व्हान मेगेरेन या चित्रकाराला फेर्मीरचं एक चित्र नाझी नेता हर्मान ग्योरिंगच्या हाती गेल्याबद्दल पकडलं. देशद्रोहाचा आरोप डोक्यावर आल्यावर त्याने कबूल केलं की ते चित्र आपणच रंगवलं आहे, आणि रॉटरडॅमचंही आपलंच. विश्वास बसेना म्हणून पहाऱ्यात त्याच्याकडून आणखी एक 'फेर्मीर' रंगवून घेतला.

आज ते 'एम्माउस' पाहा. जड पापण्या, लांबट चेहरे, मेणासारखी त्वचा, १९३०च्या दशकातल्या सिनेमातले वाटावेत असे भाव. मोत्यावरचा तो एक ठिपका टाकणारा हात आणि हा हात यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मग तेव्हाच्या जाणकारांना ते का दिसलं नाही? फेर्मीरने तरुणपणी धार्मिक चित्रं काढली असणार असं त्यांना आधीच वाटत होतं, आणि मेगेरेनने नेमकं त्यांच्या मनातलं चित्र त्यांच्या हातात ठेवलं. शिवाय त्या काळच्या चेहऱ्यांची चाल त्या काळच्या माणसांना दिसत नाही, ती नैसर्गिकच वाटते. वीस-तीस वर्षं गेली, फॅशन बदलली, आणि तेच चित्र उघडं पडलं. 'नाव मोठं, लक्षण खोटं' ही म्हण याला चपखल बसते. पण मला यात दिलासाही दिसतो. फसवणूक टिकली नाही, आणि १८८१ मध्ये सव्वादोन गिल्डरांची असलेली मुलगी टिकली.

हीच कसोटी 'साल्व्हातोर मुंदी'ला लावता येत नाही, आणि म्हणून त्याच्या कीर्तीवर माझा विश्वास बसत नाही. १९५८ मध्ये ४५ पौंडांना, २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या लिलावात बाराशे डॉलरांच्या आत विकलेलं हे चित्र मोठ्या डागडुजीनंतर लिओनार्दोचं म्हणून पुढे आलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला ४५ कोटी डॉलरांना गेलं. तेवढी किंमत कुठल्याही चित्राला लिलावात त्याआधी मिळाली नव्हती. त्यानंतर ते लोकांसमोर आलेलंच नाही. अबू धाबीचं ठरलेलं प्रदर्शन रद्द झालं, २०१९ मध्ये लूव्रने लिओनार्दोचं मोठं प्रदर्शन भरवलं त्यातही ते नव्हतं. त्यातलं किती लिओनार्दोचं आणि किती दुरुस्ती करणाऱ्यांचं हा वाद चालू आहे, पण वाद मिटवायला चित्र तर दिसायला हवं. बंद कपाटातल्या चित्राला किंमत असते, लौकिकाची परीक्षा तिथे होऊच शकत नाही.

आपल्याकडे वळलं की हाच प्रश्न राजा रविवर्मांपाशी येतो. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत जर्मन यंत्रं आणून शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. दादासाहेब फाळके काही काळ तिथेच कामाला होते. या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतींनी महाराष्ट्रातली देवघरं, दुकानं आणि माजघरं भरून गेली. देवी नऊवारीत असावी, हातात वीणा असावी, मागे मोर आणि नदी असावी, हे आपल्या मनावर इतकं ठसलं आहे की त्याला कोणी एक चित्रकार जबाबदार आहे हे लक्षातही येत नाही. आनंद कुमारस्वामींसारख्या कलासमीक्षकांनी त्यांच्यावर सडकून टीका केली. नाटकी, उसनं, कल्पनाशून्य असे तिचे मुद्दे. ही टीका पुढे कलाशिक्षणात इतकी मुरली की रविवर्मांना 'कॅलेंडरवाले' म्हणून बाजूला सारणं सुशिक्षितपणाचं लक्षण झालं.

मला दोन्ही टोकं चुकीची वाटतात. देवादिकांच्या चित्रांवरची टीका बरीचशी खरी आहे. नाटकातल्या प्रवेशासारखी मांडणी, प्रत्येकाने प्रेक्षकांकडे अर्धं वळून उभं राहणं, आणि चेहऱ्यावर एकच ठरलेली करुणा. काटा काढायच्या मिषाने मागे वळून पाहणारी शकुंतला प्रसिद्ध आहे, पण तिचं वळणं मला आजही बेतलेलं वाटतं. त्यांची व्यक्तिचित्रं मात्र वेगळी आहेत. १८९३ चं, वडिलांच्या वाटेकडे बोट दाखवणारी आई आणि कडेवरचं मूल असं चित्र घ्या. शुभ्र मुंडू, तिचा जरीकाठ, मुलाच्या अंगाचा भार पेलताना झुकलेली कंबर. इथे चित्रकाराने कोणाला भारावून टाकायचा प्रयत्न केलेला नाही, नीट पाहिलं आहे. रविवर्मा ज्यासाठी घरोघरी पुजले गेले त्यात ते मोठे नाहीत, आणि ज्यात मोठे आहेत ते मूळ तैलरंगात फार थोड्यांनी पाहिलं आहे.

या नावाच्या वजनाखाली एका मराठी चित्रकाराचं नाव किती दशकं दबून राहिलं! म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे. 'ग्लो ऑफ होप' नावाने ते देशभर छापलं गेलं, आणि अनेक ठिकाणी खाली रविवर्मांचं नाव घातलं गेलं. रविवर्मा १९०६ मध्ये वारले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. सावंतवाडीत १८८२ मध्ये जन्मलेले हळदणकर जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. चित्रासाठी त्यांची मुलगीच दिवा धरून उभी राहिली होती. म्हैसूरच्या त्या दालनात रविवर्मांची चित्रंही आहेत, त्यामुळे गोंधळ वाढला असणार. पण मूळ कारण वेगळं आहे. 'जुनं, सुंदर, साडीतली बाई' एवढ्या तीन खुणा जुळल्या की आपण पुढे पाहतच नाही.

पुढे पाहिलं तर काय दिसतं? हे जलरंगातलं चित्र आहे. तैलरंगात प्रकाश वरून चढवता येतो, चूक झाली तर पुन्हा रंगवता येते. पारदर्शक जलरंगात प्रकाश म्हणजे खालचा कोरा कागद. जिथे उजळ हवं तिथे हात आवरायचा असतो, आणि एकदा गडद झालेली जागा पुन्हा उजळत नाही. आता ज्योतीपुढे आडोसा धरलेला तो तळहात बघा. बोटांच्या फटींमधून उजेड पाझरतो, बोटांच्या कडा आतून तांबूस दिसतात, आणि तोच उजेड हनुवटीखाली, गालावर, पुढे मंदावत साडीच्या निऱ्यांपर्यंत जातो. दिव्यापासून जितकं दूर तितका रंग थंड होत गेला आहे, मध्ये कुठेही तुटलेला नाही. ओल्या कागदावर हे साधायला हात किती तयार असावा लागतो, ते ज्यांनी कधी जलरंग हाताळला आहे त्यांना सांगायला नको. विषय गोड आहे, हे खरं. त्या गोडव्यामुळे काही समीक्षक नाक मुरडतात. पण कौशल्य आणि संयम यांच्या जोरावर हे चित्र पुन्हा पुन्हा पाहण्याच्या कसोटीला उतरतं, आणि त्याची कीर्ती रास्त आहे. ती चुकीच्या खात्यावर जमा झाली, एवढंच. मराठी घरांत तरी ते छापील चित्र दिसलं की हळदणकरांचं नाव निघायला हवं.

याउलट वासुदेव गायतोंडे. १९२४ मध्ये नागपूरला जन्मले, जे. जे.मध्ये शिकले, वर्षाला मोजकीच चित्रं करत, आणि २००१ मध्ये दिल्लीत वारले तेव्हा चित्रवर्तुळाबाहेर फार कोणाला ते माहीत नव्हते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि भाव चढत गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्या एका चित्राला ६७ कोटी रुपये मिळाले. बातम्यांखाली प्रश्न तोच : 'नुसत्या रंगाच्या डागांना एवढे पैसे?' रोलर आणि सुरी फिरवून चढवलेले, मग पुसलेले, पुन्हा चढवलेले रंग, आणि त्यातून पाण्याखाली काहीतरी हलावं तशा वर येणाऱ्या आकृत्या. मला गायतोंडे फार मोठे वाटतात. त्यांच्या चित्रापुढे पहिली दोन मिनिटं खरंच काही घडत नाही, मग पृष्ठभागाच्या आतला थर दिसू लागतो, त्याच्या मागचा नंतर. वर्तमानपत्रातल्या चौकोनात हे दिसणं शक्यच नाही, म्हणून तो प्रश्न विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही.

दोष द्यायचा तर चित्र त्यांच्यासमोर न आणण्याला. किमती चढल्या की चित्रं खाजगी संग्रहांत जातात आणि दर दहा-पंधरा वर्षांनी एकदा लिलावाच्या आधी काही दिवस दिसतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी उभारलेल्या संग्रहात गायतोंड्यांची चित्रं आहेत, पण तिथे कोणालाही सहज जाता येत नाही. मुंबईत, जिथे ते शिकले आणि चित्रकार म्हणून घडले, तिथे त्यांच्या दहा-बारा चित्रांची एक कायमची खोली हवी. तिकीट स्वस्त, बसायला बाक, आणि पुढे सरका म्हणणारा कोणी नाही. नागपूरच्या, कोल्हापूरच्या, सावंतवाडीच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्याने वर्षातून तीन-चारदा तिथे यावं आणि स्वतःचं मत बनवावं. ते मत माझ्या मताच्या विरुद्ध गेलं तरी हरकत नाही.